राजापेठेत पाहिलेले ‘टायटॅनिक’

जेम्स कॅमेरॉन यांचा ‘टायटॅनिक’ हा चित्रपट १९९७ च्या डिसेंबरात अमेरिकेत आणि १९९८ साली आपल्याकडे प्रदर्शित झाला. त्या वेळी जी मुले मराठी शाळांच्या खालच्या वर्गांत होती ती आज संसाराला लागली आहेत. त्यांच्यापुढे या चित्रपटाचे नाव काढावे, की त्यांच्या स्वरात एक प्रकारचा ओलावा येतो. उलट, ज्यांनी तो वयात आल्यावर प्रथम पाहिला ती मंडळी त्यास हसतात. एका पक्षाच्या मते इतका हृदयस्पर्शी चित्रपट दुसरा झाला नाही. दुसऱ्याच्या मते ती श्रीमंत मुलीची आणि गरीब मुलाची शिळी प्रेमकथा असून केवळ जहाजावर चढविली एवढेच तिचे नावीन्य. आमचे बाळपण अमरावतीच्या राजापेठेत गेले आणि चित्रपटही आम्ही त्याच वयात पाहिला. तेव्हा पहिल्या पक्षाकडे आमचा ओढा आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. पण ओढा म्हणजे पुरावा नव्हे. बाळपणी आवडलेल्या कलाकृतीची परीक्षा करताना टीकाकार बहुधा बाळपण बाजूस ठेवून मग लेखणी उचलतो. आम्हांस येथे नेमके उलट करावयाचे आहे. मुलाच्या स्मृतीने या चित्रपटातले काय ठेवले व काय टाकले, हे पाहावयाचे आहे. कारण आमच्या मते या बाबतीत त्या स्मृतीने पुष्कळ जाणत्यांपेक्षा चांगली निवड केली. मात्र एका ठिकाणी तिचा काही इलाज चालण्यासारखा नव्हता.

प्रथम दोष. ते झाकण्यात अर्थ नाही. नायिकेचा वाग्दत्त वर कॅल हॉकली हा माणूस नसून नाटक मंडळीच्या पेटीतील खलपुरुषाचा मुखवटा आहे. पडद्यावर येताच त्याने कुणाचा तरी अपमान करावा, बुडत्या जहाजावर पिस्तूल घेऊन प्रेमी युगुलाच्या मागे धावावे, आणि पुढे अनाथ मूल काखोटीस मारून नावेत जागा मिळवावी! इतका अधमपणा एकाच माणसाच्या माथी मारला म्हणजे प्रेक्षकास त्याचा राग येत नाही, लेखकाची कीव येते. नायक तितकाच निर्दोष. त्यास चित्र काढता येते, नाचता येते, जुगार जिंकता येतो, थुंकण्याचीही कला येते. येत नाही असे काही नाही, आणि म्हणून त्याच्या स्वभावात पाहण्यासारखेही फारसे काही उरत नाही.

याहून आम्हांस खटकते ती प्रेक्षकाची खुशामत. नायिकेच्या सामानात पिकासोची चित्रे निघतात आणि हा चित्रकार पुढे नावारूपास येणार नाही, असे खलपुरुष बोलून जातो. आपण १९१२ च्या माणसापेक्षा शहाणे आहो, या जाणिवेने प्रेक्षकाने खूष व्हावे हा त्यातला हेतू. बरे, त्या चित्रांत जे एक प्रसिद्ध चित्र दाखविले आहे ते पिकासोने १९०७ साली काढलेले असून ते आज न्यू यॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात सुखरूप टांगलेले आहे. अटलांटिकच्या तळाशी ते गेले केव्हा आणि वर आले केव्हा, हे दिग्दर्शकासच ठाऊक. दहा वर्षे वयाच्या मुलास यातले काहीच कळत नाही, आणि न कळल्याने त्याचे काही बिघडतही नाही.

संवादांविषयी तर बोलावयासच नको. या चित्रपटास ऑस्कर पारितोषिकांसाठी १४ नामनिर्देशने मिळाली व त्यांपैकी ११ पारितोषिके त्याने जिंकली. म्हणजे १९५९ च्या ‘बेन हर’ची बरोबरी केली. परंतु या १४ नामनिर्देशनांत पटकथेचे नामनिर्देशन नव्हते! जो चित्रपट त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट ठरला त्याची पटकथा स्पर्धेस उभी करण्याच्याही लायकीची वाटू नये, यात त्याच्या गुणदोषांचा सगळा हिशेब आला आहे.

आता राजापेठेतल्या मुलांचे भाग्य पहा. आम्ही तो पाहिला तो इंग्रजीत. त्या वयात आमचे इंग्रजी म्हणजे फळ्यावरची बाराखडी. पडद्यावरचे गोरे लोक भराभर बोलत त्यांतला एक शब्दही हाती लागत नसे. शेजारी बसलेले आमचे एक मामा अधूनमधून कानात सांगत, “ही त्याला नाही म्हणते,” “हा पाजी आहे,” “आता बर्फ दिसला.” एवढ्यावर आमची कथा पुरी होई. म्हणजे ज्या संवादांनी जाणत्या प्रेक्षकाच्या रसाचा भंग केला ते आमच्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. आम्ही सव्वातीन तासांचा मूकपटच पाहिला म्हणावयाचा. आणि कॅमेरॉन यांचे बळ मूकपटाचेच आहे! कोणती वस्तू कोठे आहे, पाणी कोणत्या बाजूने येते, माणूस कोणत्या दाराने गेला व परत येताना ते दार का उघडत नाही, हे शब्दावाचून सांगण्यात त्यांचा हात धरणारे दिग्दर्शक थोडे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हे जहाज बुडाल्यानंतर वर्षभराने, १९१३ साली पडद्यावर आला. त्या काळच्या प्रेक्षकाने कॅमेरॉन यांचा हा चित्रपट पाहिला असता तर त्यासही तो आम्हांइतकाच समजला असता, असे आम्हांस वाटते.

पुढे तबकड्यांचे युग आले. हा लांबलचक चित्रपट एका तबकडीत मावत नसे. उन्हाळ्याच्या सुटीत, कूलरच्या घरघरीत, भावंडांनी जमून तो लावावयाचा झाला म्हणजे पहिल्या तबकडीस कुणी हातही लावीत नसे. प्रणयकथा, मेजवानी, ते चित्र काढण्याचे प्रकरण (चित्रगृहात या प्रसंगी वडीलधाऱ्यांची जी चुळबूळ झाली ती आम्हांस त्या प्रसंगापेक्षा अधिक स्मरते), हे सारे सोडून एकदम बर्फाच्या धडकेपासून आरंभ करावयाचा. ही निवड मुलांनी कुणाच्या सांगण्यावरून केली नव्हती. चित्रपटाचा पूर्वार्ध व उत्तरार्ध यांच्या योग्यतेत केवढे अंतर आहे, ते त्यांनी तबकड्यांच्या निवडीने दाखवून दिले.

त्या उत्तरार्धातले मनात राहिले आहे काय? जॅक आणि रोज नव्हेत. जहाजाच्या नाकावर हात पसरून उभे राहणे ही गोष्ट पुढे जाहिरातींनी आणि विनोदी नटांनी आमच्या डोक्यात बसविली. मूळ पाहण्यातून ती फारशी उरली नव्हती. उरले ते असे : कपाटांतून आपोआप घसरू लागलेली चिनीमातीची बशी-बशी, गुडघाभर पाण्यात भट्ट्यांशी झुंजणारे काळवंडलेले खलाशी, पलंगावर एकमेकांस बिलगून पडलेले वृद्ध जोडपे आणि खालून चढणारे पाणी, एकदा निरोप घेऊन पांगलेले आणि पुन्हा परत येऊन वाजवू लागलेले वाद्यवाले, तिसऱ्या वर्गाच्या खोलीत दोन मुलांना गोष्ट सांगून निजविणारी आई. आणि मग, सर्व दिवे एकदम गेल्यावर पडणारा तो अंधार. यांपैकी एकाही प्रसंगात भाषेची गरज नाही, आणि एकाही प्रसंगात नायक नाही.

आमच्याकडे समुद्र नाही. वडाळीचा तलाव आणि छत्री तलाव एवढाच आमचा जलाशयांचा अनुभव, आणि वैशाखात तेही कमरेत वाकलेले. त्या मुलास अटलांटिक समजावा कसा? पण खरे सांगावयाचे तर समुद्र समजण्याची गरजच पडली नाही. गरज होती ती हिशेब समजण्याची, आणि तो राजापेठेतल्या मुलास पक्का येत होता. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या लोकांत जो वाढला, त्यास जागा थोड्या व माणसे फार म्हणजे काय होते ते शिकवावे लागत नाही. टायटॅनिकवर सुमारे २,२०० माणसे होती. जीवरक्षक नावा २०. त्या काठोकाठ भरल्या तरी १,१७८ माणसांना पुरत्या. पहिल्या काही नावा अर्ध्यामुर्ध्या रिकाम्याच सोडण्यात आल्या आणि शेवटी सातशेंहून थोडे अधिक लोक वाचले. चित्रगृहात पुढल्या बाकांवरून कुणी तरी ओरडलेला आम्हांस अजून ऐकू येतो : “अबे, थ्या होड्या रिकाम्या काहून नेऊन राह्यले?” ब्रिटिश चौकशी समितीपुढे जो प्रश्न पुष्कळ दिवस घोळला तो हाच.

मुलांच्या बाबतीत तर आकडे याहून बोलके आहेत. पहिल्या वर्गातले एकच मूल दगावले आणि दुसऱ्या वर्गातली सर्व वाचली. तिसऱ्या वर्गातली निम्म्याहून अधिक बुडाली. कॅमेरॉन यांनी हे आकडे कोठेही सांगितलेले नाहीत. त्यांनी फक्त लोखंडी जाळीचे बंद दार आणि गोष्ट सांगणारी ती आई दाखविली. दाराच्या तपशिलाविषयी इतिहासकारांत वाद आहे, तो असो. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना वर येण्याची वाट मिळणे कठीण गेले, यात वाद नाही.

तंत्रातील परिश्रमही असेच थक्क करणारे. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर एक प्रचंड हौद बांधून त्यात जवळजवळ मूळ आकाराचे जहाज उभारले. पण खर्चाच्या दृष्टीने त्याची उजवी बाजूच पूर्ण केली. साउदॅम्प्टनच्या धक्क्यास मूळ जहाज डाव्या बाजूने लागले होते. म्हणून त्या प्रसंगाचे चित्रण करताना पाट्यांवरील अक्षरे उलटी रंगविली, पोशाखही उलटे शिवले, आणि नंतर सर्व चित्र आरशातल्याप्रमाणे फिरवून घेतले! १९५८ साली इंग्लंडात निघालेला याच विषयावरचा ‘अ नाइट टु रिमेंबर’ हा चित्रपट संयमाने आणि सत्यनिष्ठेने कॅमेरॉन यांच्या चित्रपटाच्या कितीतरी वर आहे. त्यात प्रेमकथा नाही व खलपुरुषही नाही. पण त्यातले जहाज अखंड बुडते, कारण ते दुभंगले होते हे १९८५ साली समुद्राच्या तळाशी अवशेष सापडेपर्यंत निश्चित कळलेच नव्हते. कॅमेरॉन स्वतः पाणबुडीतून त्या अवशेषांपर्यंत जाऊन आले होते. एका ज्योतिर्विदाने चित्रपटातील आकाशाचे तारे चुकीचे असल्याचे दाखवून दिले, तेव्हा २०१२ च्या नव्या आवृत्तीत त्यांनी ते बदलले. तारे बदलणारा हा माणूस एक गोष्ट मात्र बदलू शकला नाही, आणि आमच्या मते या चित्रपटाचा खरा अपराध तोच आहे.

विल्यम मर्डॉक हा टायटॅनिकवरचा पहिला अधिकारी. स्कॉटलंडातील डॅलबीटी गावचा, वय ३९. धडक झाली तेव्हा जहाजाची सूत्रे त्याच्याकडे होती आणि पुढे उजव्या बाजूच्या नावा त्याने उतरविल्या. स्त्रिया व मुले जवळपास नसतील तर पुरुषांनाही तो नावेत बसू देई, त्यामुळे त्याच्या बाजूने कित्येक माणसे वाचली. चित्रपटात हाच मर्डॉक खलपुरुषाकडून पैसे खिशात घालतो, मागाहून ते त्याच्या तोंडावर फेकतो, गर्दीतल्या दोघांना गोळी घालतो आणि त्यानंतर स्वतःच्या मस्तकात गोळी घालून घेतो. लाचेचे प्रकरण निव्वळ कल्पित आहे. कुणा एका अधिकाऱ्याने गोळी झाडल्याचे काही वाचलेले लोक सांगत; तो कोण, याविषयी खात्रीलायक पुरावा नाही. जिवंत राहिलेल्या चौघा अधिकाऱ्यांच्या वतीने लाइटोलरने १९१२ च्या एप्रिलातच मर्डॉकच्या विधवेस पत्र लिहून आत्महत्येच्या वदंतेचा इन्कार केला होता. १९९८ साली चित्रपट कंपनीचा एक वरिष्ठ अधिकारी डॅलबीटीस गेला, त्याने खेद व्यक्त केला आणि तेथील शाळेत मर्डॉकच्या नावे चालणाऱ्या पारितोषिकास ५,००० पौंड दिले. पण पडद्यावरचा मर्डॉक आहे तसाच राहिला. राजापेठेतल्या, टोकियोतल्या, कैरोतल्या कोट्यवधी मुलांच्या मनात तो पैसे घेणारा व पिस्तूल चालविणारा म्हणूनच कायम झाला. बशांची घसरण आणि लाचखाऊ मर्डॉक यांत खरे कोणते हे मुलाच्या स्मृतीस कळण्याचा मार्गच नाही; दोन्ही चित्रे सारख्याच कौशल्याने काढलेली.

येथे एक तुलना सुचते, ती जराशी विचित्र आहे खरी. जर्मनीत नाझी राजवटीच्या प्रचार खात्याने १९४३ साली एक ‘टायटॅनिक’ काढविला. इंग्रज भांडवलदारांच्या लोभाची निंदा करणे हा त्याचा उघड हेतू. आणि त्यासाठी त्यांनी एक सदाचारी जर्मन अधिकारी जहाजावर घुसविला. तो कल्पित होता आणि त्याचे नावही कल्पित होते. त्या चित्रपटात असत्याला तोटा नाही, त्याचा पक्ष घेण्याचे आम्हांस कारण नाही. पण कल्पितास कल्पित नाव द्यावे ही मर्यादा जेथे प्रचारकांनाही एका पात्रापुरती साधली तेथे कॅमेरॉन यांनी जॅक, रोज, कॅल अशी तीन नावे बनविली, आणि चौथे बनविण्याचा मात्र कंटाळा केला! त्या अधिकाऱ्यास निराळे नाव दिले असते तर प्रसंगाचा परिणाम तिळमात्र कमी झाला नसता.

जे घातले त्याबरोबर जे गाळले तेही पहावयास हवे. काही मैलांवर बर्फात थांबलेले ‘कॅलिफोर्नियन’ जहाज व त्यावरचा निजलेला तारायंत्रवाला हा प्रसंग चित्रित होऊनही अंतिम आवृत्तीत आला नाही. त्याने शोकांतिकेचे एक मोठे अंग गेले. आम्हांस मात्र हुरहूर वाटते ती दुसऱ्याच दोन व्यक्तींविषयी. ॲनी फंक नावाची एक अमेरिकन मिशनरी बाई त्या वेळच्या मध्यप्रांतात, बिलासपूरजवळच्या जांजगीर येथे मुलींची शाळा चालवीत असे. हे गाव आज छत्तीसगडात आहे. १९१२ साली वऱ्हाड आणि मध्यप्रांत एकाच चीफ कमिशनरच्या कारभाराखाली होते. म्हणजे राजापेठ आणि जांजगीर एकाच सरकारची प्रजा. आई आजारी असल्याचे कळून ती बाई घरी निघाली. इंग्लंडात पोहोचली तो कोळसा-कामगारांच्या संपामुळे तिचे ठरलेले जहाज अडकलेले; म्हणून अधिक पैसे भरून तिने टायटॅनिकच्या दुसऱ्या वर्गात जागा घेतली. १२ एप्रिल रोजी जहाजावरच तिला ३८ वे वर्ष पूर्ण झाले. तीन दिवसांनी ती गेली. तिने आपली नावेतली जागा एका आईस दिली, अशी कथा तिच्या लोकांत सांगतात.

जांजगीरहून मुंबईस जावयाचे तर लोहमार्ग बिलासपूर, नागपूर, बडनेरा, अकोला, भुसावळ असाच जातो. ती बाई मुंबईस आगगाडीनेच गेली. तेव्हा तिची गाडी बडनेऱ्यास पाणी-कोळशासाठी थांबली असण्याचा संभव पुष्कळ. आमच्या राजापेठेपासून ते स्टेशन काही मैलांवर. अमरावतीचा फाटा तेथूनच फुटतो. टायटॅनिकच्या एका उतारूच्या प्रवासाचा पहिला टप्पा आपल्या घराजवळून गेला असावा, हे त्या चित्रगृहातल्या कुणालाही ठाऊक नव्हते. दुसरी व्यक्ती रूथ बेकर. आंध्रातल्या गुंटूर येथे जन्मलेली ही १२ वर्षांची मुलगी आजारी धाकट्या भावास घेऊन निघालेल्या आईबरोबर त्याच जहाजावर होती. आई आणि भावंडे ११ क्रमांकाच्या नावेत बसली. रूथ मागे राहिली आणि एकटीच १३ क्रमांकाच्या नावेतून वाचली. भर वैशाखाच्या देशातून निघून बर्फाच्या समुद्रात सापडलेली, आईपासून ताटातूट झालेली मुलगी! ही कथा बनवावी लागली नसती. पटकथा लिहिताना सतरा वर्षांच्या रोजची कल्पना सुचण्यापूर्वी कुणी उतारूंच्या यादीवर जरा सावकाश बोट फिरविले असते, तर हा चित्रपट आम्हां मुलांच्या किती जवळचा झाला असता!

अमेरिकन दिग्दर्शकाने गुंटूर आणि जांजगीर शोधावे ही अपेक्षा काहींना अवास्तव वाटेल. ती तशी असेलही. मग आमच्या दिग्दर्शकांकडे वळू. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य महिन्यावर आले असताना, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ भर पावसात उलटली. बोटीवर सुमारे सातशे माणसे होती, त्यांतली सहाशेंहून अधिक बुडाली. प्रमाणाने पाहता हा घात टायटॅनिकहून भयंकर आहे, कारण तेथे तिघांत एक तरी वाचला. अलिबागेकडील घरांत रामदासची आठवण निघते; अमरावती-अकोल्यात पन्नाशीच्या आतल्या किती जणांनी तिचे नाव ऐकले आहे, हे विचारून पहावे. त्याच लोकांना टायटॅनिक रात्रीच्या ११ वाजून ४० मिनिटांनी धडकले आणि २ वाजून २० मिनिटांनी बुडाले हे तोंडपाठ असते. परक्या समुद्रात बुडालेल्यांसाठी वऱ्हाडातली मुले रडली यात वाईट काहीच नाही. आम्हांस ते त्या चित्रपटाचे मोठे यश वाटते. पण रेवसच्या वाटेवर बुडालेल्यांच्या वाट्यास त्या तोलाचा एकही चित्रपट आला नाही, म्हणून त्यांच्यासाठी कुणा मुलाने रडण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

आज घरच्या मुलांना हा चित्रपट दाखवावा काय, असे आम्हांस काही मित्र विचारतात. दाखवावा. मुले पूर्वार्धाला कंटाळली तर त्यांना रागवू नये. धडकेपासून आरंभ केला तरी चालेल. संवाद समजत नसतील तर फार भाषांतर करीत बसू नये. मर्डॉकचा प्रसंग आला म्हणजे मात्र चित्र क्षणभर थांबवून लाइटोलरच्या त्या पत्राची हकीकत सांगावी. आणि मुलांनी नकाशा मागितलाच, तर अटलांटिकच्या पानाबरोबर बिलासपूर ते मुंबई हा लोहमार्ग आणि काशाचा खडकही त्यांना काढून दाखवावा.